‘कुटुंबवत्सल’ आणि ‘विमा’: अण्णांच्या बातमीतल्या दोन शब्दांमागची पार्श्वभूमी

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी इथल्या, साताऱ्याच्या पेपरात चार ओळी आल्या. विमा क्षेत्रात ३८ वर्षं सेवा, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल स्वभाव, पश्चात मुलगा, दोन मुली, सुना, जावई, नातवंडं असा परिवार. सून एकच आहे पण छापलं ‘सुना’, जाऊ दे. हा मजकूर पेपरवाल्याकडे तयारच असतो, नाव आणि खातं बदललं की झालं, शिक्षक असेल तर विद्यार्थीप्रिय, शेतकरी असेल तर प्रगतिशील. पण दहाव्याला आलेल्या माणसांशी बोलताना माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या बाबतीत हे दोन शब्द वेगवेगळे नव्हतेच, नोकरी कुठली आणि घर कुठलं हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. आणि असा माणूस एकटा नव्हता, त्यांच्या पिढीत प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी असायचा. तो कुठून तयार झाला ते लिहून ठेवतोय. मुलं विचारतात म्हणून, आणि मलाही आता विसरायला होतं म्हणून.

सुरुवात अण्णांपासून होत नाही, त्यांच्या वडिलांपासून होते. साताऱ्याबाहेरच्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही, पण साताऱ्यासारख्या गावात आपली स्वतःची आयुर्विमा कंपनी होती, वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स, १९१३ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली. त्याच माणसाने पुढे १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक काढली, ती जुन्या लोकांना आठवत असेल, २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. तर आमचे आजोबा त्या वेस्टर्न इंडियाचे एजंट, सायकलवरून फिरणारे. त्यांचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम काय होता तर विषयच अभद्र. कुणाच्या ओसरीवर बसून ‘समजा उद्या तुम्ही नसलात’ हे वाक्य उच्चारायचं म्हणजे आतून बाई बाहेर येऊन ‘जिभेला काही हाड?’ म्हणणारच. म्हणून आजोबा आधी ज्वारीचं बोलायचे, मग पावसाचं, मग मुलीच्या लग्नाचं, आणि लग्नाच्या खर्चावरून हळूच पॉलिसीवर यायचे. मरणाचं नाव न काढता विमा विकायचा ही कला अण्णा लहानपणी ओसरीच्या कडेला बसून बघायचे.

त्याच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण तो सगळीकडे मिळतो. भारतात पहिली आयुर्विमा कंपनी १८१८ ची, कलकत्त्याची ओरिएंटल, पण ती गोऱ्या लोकांसाठी. पुढे पुढे हिंदी माणसाचा विमा घ्यायला लागले ते सुद्धा जादा हप्ता लावून, म्हणजे तुमचं आयुष्य तेवढं भरवशाचं नाही म्हणून जास्त पैसे टाका. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल निघाली तिने पहिल्यांदा आपल्या लोकांना सरळ दराने विमा दिला. १८७४ मध्ये मुंबईतच दुसरी एक ओरिएंटल निघाली, ती मात्र खूप मोठी झाली. मग वंगभंगानंतरची स्वदेशीची लाट आली तशा देशी विमा कंपन्या भराभर निघाल्या. साखर, कापड, काड्यापेटी स्वदेशी तसा विमाही स्वदेशी. म्हणजे आजोबा सायकलवर फिरायचे तेव्हा त्यात पोट होतंच पण थोडं देशकार्यही होतं, निदान ते तसं सांगायचे.

पण या भराभर निघालेल्यात भराभर बुडालेल्याही पुष्कळ. १९१२ साली पहिला कायदा झाला, १९३८ साली मोठा इन्शुरन्स अ‍ॅक्ट झाला जो दुरुस्त्या होत होत अजून चालू आहे, तरी बुडणं थांबलं नाही. आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने अशाच एका प्रॉव्हिडंट सोसायटीत, म्हणजे लहान हप्त्यांवर छोटा विमा देणाऱ्या संस्थेत, महिन्याला एक-दोन रुपये भरले होते, बरीच वर्षं. नाव लिहीत नाही, आता ती सोसायटीच नाही. तो गेला आणि आत्याबाई पासबुक घेऊन गेल्या तर ऑफिसच्या जागी भांड्यांचं दुकान. आत्याबाई भावाकडे राहायला आल्या त्या शेवटपर्यंत आमच्याच घरी. अण्णा त्यांच्या मांडीवर वाढले. ते पासबुक अण्णांनी पुढे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, कुणी नवीन पोरगं ‘एका हप्त्याने काय होतंय’ म्हणालं की काढून दाखवायचे. निळ्या पुठ्ठ्याचं, प्रत्येक महिन्यासमोर एका वळणदार सहीची पोच. अक्षर इतकं सुंदर की बुडवणाऱ्याचं वाटत नाही.

आता १९५६. इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट महाराष्ट्रात जशी घडली तशी ती सहसा कुणी एकत्र सांगत नाही. १६ जानेवारीला नेहरूंनी रेडिओवर जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. मुंबई पेटली, गोळीबार सुरू झाला, माणसं मरायला लागली. आणि त्याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या गुरुवारी, अर्थमंत्री रेडिओवर येऊन सांगतात की आजपासून देशातल्या सगळ्या आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. वटहुकूम निघालेला, कुणाला सुगावा नाही. आणि अर्थमंत्री कोण तर सी. डी. देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मेघदूताचा मराठीत अनुवाद करणारा माणूस. म्हणजे फोर्टमध्ये एकीकडे अश्रुधूर आणि त्याच फोर्टातल्या विमा कंपन्यांच्या दारात सरकारी माणूस चावी मागायला. त्याच देशमुखांनी पुढे जुलैमध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. त्यामुळे १ सप्टेंबर १९५६ ला त्यांनी जन्माला घातलेलं आयुर्विमा महामंडळ प्रत्यक्ष सुरू झालं तेव्हा ते मंत्रीच नव्हते. आजोबा म्हणायचे, बारसं झालं तेव्हा बाप घरात नव्हता.

सरकारने हे का केलं? एक कारण वर आलंच, बुडणाऱ्या कंपन्या. दुसरं म्हणजे मोठ्या उद्योगपतींनी विमा कंपनी हाताशी धरून लोकांच्या हप्त्याचे पैसे स्वतःच्या धंद्यात फिरवायचे, भारत इन्शुरन्स आणि दालमियांचं प्रकरण तेव्हा गाजत होतं, फिरोज गांधींनी लोकसभेत ते चव्हाट्यावर आणलं होतं. एकूण २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र केल्या, त्यात १५४ देशी, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या. ५ झोन, ३३ डिव्हिजन, २१२ ब्रँच. सरकारने भांडवल घातलं ५ कोटी. आमची वेस्टर्न इंडियाही त्या २४५ मध्येच गेली. आजोबांना त्याचं वाईट वाटलं की बरं वाटलं हे कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही, कारण गावातली कंपनी गेली पण आत्याबाईंच्या पासबुकाची भीतीही गेली. आता पॉलिसीच्या रकमेवर सरकारची हमी होती.

बोधवाक्य घेतलं ‘योगक्षेमं वहाम्यहम्’, गीतेचा नववा अध्याय, बाविसावा श्लोक. देव म्हणतो तुमचा योगक्षेम मी वाहतो. अण्णांचा यावर ठरलेला जोक होता की देव नुसता म्हणतो, वाहतो क्लार्क, दुसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूमपासून खाली काउंटरपर्यंत, आणि लिफ्ट नाही.

पण सरकारी झालं म्हणजे गंगेत न्हालं असं नव्हतं. वर्ष होतंय न होतंय तर १९५७ मध्ये मुंध्रा प्रकरण. हरिदास मुंध्रा नावाच्या कलकत्त्याच्या सटोडियाच्या सहा कंपन्यांचे शेअर महामंडळाने सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घालून घेतले, आणि ते शेअर गडगडले. परत तेच फिरोज गांधी उभे राहिले, स्वतःच्या सासऱ्याच्या सरकारविरुद्ध. न्यायमूर्ती छागलांचा आयोग मुंबईत बसला, चौकशी सगळ्यांसमोर उघड, लोक ऐकायला गर्दी करायचे, आणि काही आठवड्यांत निकाल लागून फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. आत्ताचे आयोग किती वर्षं चालतात बघा आणि मग हे वाचा. अण्णा तेव्हा शाळेत होते पण नोकरीला लागल्यावर सीनियर मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलं की जणू स्वतः छागलांसमोर बसून आल्यासारखं सांगायचे, आणि शेवटी एकच वाक्य, ‘लोकांचा पैसा आहे, आपल्या तीर्थरूपांचा नाही.’ हे वाक्य आम्हाला घरात पेन्सिल हरवली तरी ऐकावं लागायचं.

अण्णा १९६४ मध्ये महामंडळात, म्हणजे एलआयसीत, असिस्टंट म्हणून चिकटले. विमा हप्त्याला लोक तेव्हा प्रीमियम म्हणायचे नाहीत, ‘विम्याचे पैसे’ म्हणायचे. काम काय होतं हे आजच्या पोरांना सांगायचं म्हणजे अवघड आहे. प्रत्येक पॉलिसीचं एक डॉकेट, म्हणजे जाड कागदाचा लखोटा, त्यात प्रपोजल फॉर्म, डॉक्टरचा रिपोर्ट, वयाचा दाखला, पत्रव्यवहार. लेजरची पानं वेगळी. मोठ्या ऑफिसांत पंच कार्डांची मशीन होती, बाकी सगळं हाताने आणि तोंडी. अण्णा लोकांना नावाने नाही, टेबल-टर्मने ओळखायचे. ‘तो रे, चौदा-वीसवाला’, म्हणजे चौदा नंबरच्या टेबलची वीस वर्षांची साधी एंडोमेंट, मुदत संपली तरी पैसे आणि मधेच गेलात तरी पैसे. रस्त्यात मोती चौकात कुणी नमस्कार केला की आईला हळूच सांगायचे, मनी बॅक आहे, मुदतीत मधे मधे पैसे देणारी, पंच्याहत्तर-वीस, पुढच्या मार्चमध्ये पैसे मिळायचेत, चपला घेईल आता नवीन. आई म्हणायची तुम्ही माणसाकडे बघा हो जरा, लेजर बघितल्यासारखं काय बघता.

आणि एक गोष्ट जी मला मोठेपणी कळली. नोकरीच्या चौथ्या वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. साताऱ्यात सगळे घराबाहेर थंडीत उभे होते, कोयनानगर तर सपाटच झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या कामावरची, वसाहतीतली, पाटण तालुक्यातल्या वाड्यांतली. त्यात पॉलिसीवाले थोडेच होते पण जे होते त्यांचे कागद ढिगाऱ्यात. अण्णांना ते दिवस नीट आठवायचे पण ते एकाच क्लेमबद्दल बोलायचे. एक वर्कशॉपमधला माणूस, नॉमिनी म्हणून बायको, दोघंही एकाच भिंतीखाली. राहिली तीन मुलं, मोठी मुलगी अकरा-बारा वर्षांची, तिच्या आजोबांबरोबर ऑफिसात आलेली. म्हाताऱ्याला वाटलं पॉलिसीवर सुनेचं नाव आहे म्हणजे आता पैसे गेले. तसं नसतं, नॉमिनी आधी किंवा बरोबर गेला की पैसे वारसांना मिळतात, पण मग वारस कोण, त्यांचे पुरावे, अज्ञानांचा पालक, हे सगळं आलं. अण्णांनी म्हाताऱ्याला समोर बसवून अर्ज लिहून दिला आणि त्या मुलीला समोरच्या हॉटेलातून भजी आणून दिली. तिने ती खाल्ली नाहीत, रुमालात बांधली, भावांना न्यायला. बस्स, एवढंच सांगायचे. पण त्यानंतर अण्णांना नॉमिनीचं वेड लागलं असं आई म्हणायची. कुणाकडेही हळदीकुंकवाला, बारशाला, अगदी मयताला गेले तरी तिथे बसल्या बसल्या विचारणार, पॉलिसीवर नाव कुणाचं आहे? वडिलांचं? मग लग्न झाल्यावर बदललं का नाही? उद्या ये, फॉर्म देतो.

आता ‘कुटुंबवत्सल’वर येऊ. ऑफिसात अण्णा हायर ग्रेड असिस्टंट म्हणून रिटायर झाले. ३८ वर्षांत एकच प्रमोशन, आणि ज्यांना या लाइनची माहिती आहे त्यांना यातच सगळं कळेल. क्लास थ्रीत, म्हणजे कारकुनी श्रेणीत, राहिलं की गावात राहता येतं, एएओ, म्हणजे ऑफिसरची पहिली पायरी, झालं की बदली. अण्णांनी दोनदा नाही म्हणून लिहून दिलं. पहिल्यांदा आजीला अर्धांग झाला होता, दुसऱ्यांदा अक्काचं दहावीचं वर्ष होतं. दुसऱ्या वेळी ज्याने प्रमोशन घेतलं तो त्यांच्या हाताखाली शिकलेला, तो पुढे मॅनेजर होऊन साताऱ्यालाच आला आणि अण्णा त्याला ‘साहेब’ म्हणायचे आणि तो अण्णांना ‘अण्णा’ म्हणायचा. मी एकदा कॉलेजात असताना तावातावाने म्हणालो की तुम्ही आमच्यावर उपकार केल्यासारखं करू नका, घ्यायचं होतं प्रमोशन. ते कधीच तसं करत नव्हते खरं तर, माझंच काहीतरी चुकत होतं. अण्णांनी चहा संपवला आणि म्हणाले, अरे मला सकाळी आईला अंघोळ घालून साडेनऊला निघता येत होतं, नांदेडला बदली झाली असती तर कोण घालणार होतं. झालं. एवढाच त्यांचा हिशोब.

अशी नोकरी करता येणं हीच खरी पार्श्वभूमी आहे असं मला वाटतं. आजोबांच्या काळात एजंटाला कमिशनवर जगायचं, कंपनी उद्या असेल का नाही माहीत नाही. अण्णांच्या काळात पगार, पीएफ, पुढे पेन्शन, संध्याकाळी सहाला घरी. लग्नाच्या बाजारात ‘एलआयसीत आहे’ म्हटलं की पत्रिका न बघता मुली सांगून यायच्या. आणि हे सगळं आपोआप मिळालेलं नव्हतं, १९५१ पासून त्यांची संघटना होती, मुंबईत स्थापन झालेली, आणि ती भांडायची. १९७४ मध्ये क्लास थ्री आणि फोरला पंधरा टक्के बोनसचा करार झाला, आणीबाणीत १९७६ ला सरकारने कायदाच करून तो करार मोडला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. मदनमोहन पाठक केस, वकील लोक अजून वाचतात. आमच्या घरात ती केस ‘शिलाई मशीनची केस’ म्हणून ओळखली जायची कारण त्या बोनसमधून आईला मशीन आली. त्या मशीनवर दोघी बहिणींचे सगळे फ्रॉक झाले आणि अजून ती चालते.

पगारदार लोकांचं एक बरं असायचं, सॅलरी सेव्हिंग स्कीम, पगारातूनच हप्ता कापून जायचा. पण त्यातही घोळ व्हायचे. एका शिक्षणसंस्थेने मास्तरांच्या पगारातून हप्ते कापले आणि पुढे भरायला महिनोन् महिने उशीर, लेजरला गॅप दिसायला लागल्या. नियमाने बघितलं तर पत्र पाठवलं की काम संपलं. अण्णा शनिवारी अर्धा दिवस झाला की एसटीने मेढ्याला जायचे, त्या हेडक्लार्कसमोर बसायचे, चहा नको म्हणायचे, आणि सगळ्या गॅपचे चेक घेऊनच उठायचे. मला एकदा बरोबर नेलं होतं. येताना एसटी जावळीतल्या कुडाळच्या पुढे बंद पडली, आम्ही रात्री साडेनऊला घरी. आईने विचारलं काय मिळालं? अण्णा म्हणाले अठरा जणांच्या पॉलिसी जिवंत राहिल्या. आई म्हणाली आमटी मेली, परत गरम करते.

घरातल्यांना मात्र त्यांच्या विमाप्रेमाचा त्रास झाला हेही लिहायला पाहिजे, नाहीतर हा नुसता गौरवांक होईल. आम्हा प्रत्येकाच्या नावाने जन्मल्यापासून काहीतरी पॉलिसी. जावयांना आहेर म्हणून पहिला हप्ता. अण्णा एजंट नव्हते, कर्मचारी होते, त्यांना त्यातून एक पैसा मिळत नव्हता, मिळायचा तो पलीकडच्या गल्लीतल्या नाना एजंटला आणि नाना दर दिवाळीला कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन यायचा तेवढंच. दुकानदार मित्रांना तर ते धरूनच ठेवायचे की पॉलिसी एमडब्ल्यूपीखाली घे. म्हणजे मॅरिड वुमेन्स प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, १८७४ चा कायदा आहे, १९२३ पासून सगळ्या हिंदूंनाही लागू. त्याखाली पॉलिसी घेतली की ती बायकामुलांच्या नावचा ट्रस्ट होते, धंद्यात बसलास तरी सावकाराला आणि बँकेला त्यात हात घालता येत नाही. एका कापडवाल्याने ऐकलं, पुढे त्याचं दुकान खरंच बसलं, आणि त्याची बायको अण्णांना दर भाऊबीजेला ओवाळायला यायची. दहाव्यालाही आली होती, काठी टेकत.

माझ्या मुलाने लॉकडाऊनमध्ये आजोबांनी त्याच्यासाठी घेतलेल्या पॉलिसीचा एक्सेलमध्ये हिशोब मांडला आणि जाहीर केलं की यात साडेपाच टक्केसुद्धा सुटत नाहीत, टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा, घेऊन बाकी एसआयपीत, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात, टाकले असते तर किती झाले असते बघा. आकडे बरोबर होते. मी स्वतः आज कुणाला सल्ला देईन तर मुलासारखाच देईन, कव्हर वेगळं आणि गुंतवणूक वेगळी, एंडोमेंटमध्ये धड दोन्ही होत नाही. पण अण्णांनी त्याला शांतपणे विचारलं की तू गेल्या मार्चमध्ये, मार्केट पडलं तेव्हा, एसआयपी चालू ठेवलीस का? पोरगा गप्प. बंद केली होती. अण्णा म्हणाले, आमचे लोक हप्ता चुकेल म्हणून घाबरून भरायचे, त्या भीतीचेच साडेपाच टक्के. वाद तिथे मिटला नाही, पुढचे दोन रविवार चालला, पण ते दोघांनाही आवडत होतं.

शेवटची वर्षं नोकरीतली बदलाची होती. कॉम्प्युटर म्हटलं की साठच्या दशकात संघटना रस्त्यावर उतरायची, कलकत्त्यात तर बसवूच देत नव्हते, नोकऱ्या जातील म्हणून. नव्वदच्या दशकात ते ब्रँचच्या टेबलावर आले आणि पन्नाशीतले अण्णा एका बोटाने टाइप करायला शिकले. १९९४ ला विमा खासगी कंपन्यांना खुला करा म्हणणारा मल्होत्रा समितीचा अहवाल आला, १९९९ ला कायदा झाला, २००० पासून खासगी कंपन्या परत आल्या. म्हणजे आजोबांच्या काळात जे होतं ते ४४ वर्षांनी फिरून आलं, फक्त सायकलच्या जागी टाय. २००२ ला अण्णा रिटायर झाले. २०२२ च्या मे महिन्यात एलआयसीचे शेअर विक्रीला आले, ९४९ चा भाव, पॉलिसीधारकाला ६० रुपये सूट, मी फॉर्म भरू का विचारलं तर म्हणाले, मी पेन्शन घेतो ना, पुरे. १७ तारखेला लिस्टिंग झालं ते ९४९ च्या खालीच. अण्णांनी पेपरची ती बातमी कापून ठेवली, का ते सांगितलं नाही.

आता जे चालू आहे ते. अण्णांच्या बऱ्याच पॉलिसी मॅच्युअर होऊन संपल्या होत्या. एक राहिली, रिटायर होताना घेतलेली जीवन आनंद. हिचं असं आहे की मुदत संपली की बोनससकट पैसे मिळतात आणि तरीही मरेपर्यंत विमा चालू राहतो, माणूस गेल्यावर मूळ रक्कम वारसांना परत एकदा मिळते. ती मुदत केव्हाच संपली, पैसे आईच्या मोतीबिंदूला आणि घराच्या गच्चीला लागले. उरलेल्या रकमेसाठी मी पॉलिसीचा बॉण्ड घेऊन ब्रँचमध्ये गेलो. काउंटरवर जो होता तो अण्णांच्या शेवटच्या वर्षांत नवीन लागलेला, आता केस पांढरे. त्याने स्क्रीनवर नंबर टाकला, थोडा वेळ बघत राहिला, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

नॉमिनीच्या जागी आईचं नाव होतं. आई २०१९ मध्ये गेली. मधल्या वर्षांत अण्णा या ब्रँचमध्ये निदान वीस वेळा येऊन गेले असतील, पेन्शनच्या कामाला, दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याला, शेजाऱ्यांचे नॉमिनेशन बदलायला.

‘अण्णांना माहीत नसेल असं तर होणार नाही,’ तो म्हणाला.

मी म्हणालो, नाही, असं नाही होणार.

त्याने वारसांचे फॉर्म काढून दिले. अक्काची सही मिरजेहून आली, धाकटीची नागपूरहून कुरिअरने यायची आहे.